बाळंतिणीची विश्रांती : घराने करावयाची व्यवस्था

प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे, ज्यांना वैद्यकात सूतिकाकाल म्हणतात, हा गर्भाशय पूर्ववत होण्याचा, टाके भरून येण्याचा आणि अंगावरचे दूध स्थिरावण्याचा काळ असतो. आणि नेमक्या याच काळात बाळंतिणीवर चहूबाजूंनी कामे येऊन पडतात. तिला दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचे असते, पाहायला येणाऱ्या मंडळींशी हसून बोलायचे असते, बारशाच्या यादीवर मत द्यायचे असते आणि नोकरी असेल तर ‘एवढी एकच फाइल कुठे आहे ते सांगा’ म्हणून आलेल्या फोनलाही उत्तर द्यायचे असते. या साऱ्यावर तिला मिळणारा सल्ला बहुधा एकाच वाक्याचा असतो : बाळ झोपले की तूही झोपून घे. सल्ला रास्त असला तरी अपुरा आहे, कारण बाळ झोपलेले असताना बेल वाजल्यावर दार कोण उघडणार, ओट्यावरच्या दुधाकडे कोण बघणार आणि कार्यालयाचा फोन कोणाकडे असणार हे ठरलेले नसेल, तर बाळंतिणीला आडवे होता येते, झोप मात्र लागत नाही. विश्रांती ही बाळंतिणीने वेळात वेळ काढून मिळवण्याची गोष्ट नसून घरातील इतरांनी आधी ठरवून आणि वाटून घेऊन तिला राखून देण्याची व्यवस्था आहे, हे सूत्र धरून पुढील विवेचन केले आहे.

मराठी घरांत अशी एक व्यवस्था पूर्वी होती. जन्मानंतर दहा दिवस पाळले जाणारे सोयर, म्हणजे जननाशौच, बाळंतिणीची वेगळी खोली आणि सव्वा महिना घराबाहेर न पडण्याचा दंडक यांचा पाया विटाळाच्या कल्पनेवर होता आणि ती कल्पना आज टाकून देण्याच्याच लायकीची आहे. बंद खोलीतील अंधार आणि शेगडीचा धूर यांनीही पुष्कळ अपाय केला. शिवाय शेतमजुरी करणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील स्त्रियांना ही सवड क्वचितच मिळत असे. तथापि या दंडकाचा एक परिणाम उपयुक्त होता : परक्या माणसाला खोलीत मज्जाव होता, बाळंतिणीने चुलीपाशी जायचे नव्हते आणि ‘आज येऊ नका’ असे कोणालाही तोंडावर सांगावे लागत नव्हते, कारण ते काम रूढीच करत होती. सदनिकांमधील छोट्या कुटुंबांत ती रूढी संपली, पण तिच्या जागी दुसरे काही आले नाही. म्हणून आता प्रत्येक घराला स्वतःचा नियम स्वतःच घालून घ्यावा लागतो.

थकव्याचा हिशेब

थकवा कमी करायचा तर तो कशातून येतो हे प्रथम पाहिले पाहिजे. नवजात बाळ चोवीस तासांत साधारणपणे १४ ते १७ तास झोपते, मात्र ती झोप तुकड्यातुकड्यांची असते, कारण त्याला तितक्याच काळात ८ ते १२ वेळा दूध लागते. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे यांस मिळून एका वेळी ४० मिनिटे धरली, तर दहा वेळांचे ४०० मिनिटे, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास होतात. कारखान्यातील एका पाळीएवढे हे काम रात्रंदिवस विखुरलेले असते आणि त्याला साप्ताहिक सुट्टी नसते. प्रौढ माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असल्याने पाऊण-पाऊण तासाच्या डुलक्यांची बेरीज सात तास झाली, तरी एका सलग झोपेने मिळणारा ताजेपणा तिच्यातून मिळत नाही.

तुटक झोपेखेरीज दुसरे कारण रक्तक्षय हे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीत भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता; प्रसूतीत होणारा रक्तस्राव या आधीच्या उणिवेत भर घालतो. गरोदरपणात सुरू केलेल्या लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, परंतु बाळ झाले की गोळ्यांचे पाकीट कपाटात जाते असा सार्वत्रिक अनुभव आहे. तिसरे कारण अपुरा आहार. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि अळिवाचे व डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, बाजरीची भाकरी आणि तूप या प्रथेतील पदार्थांतून त्यांतील बराच भाग भरून निघतो. अडचण पथ्याच्या नावाखाली भाज्या, फळे, डाळी आणि पाणी तोडण्यात आहे. मेतकूट-भात पचायला हलका असला तरी तीन आठवडे केवळ त्यावर काढलेली स्त्री थकलेलीच राहते. या तीन कारणांचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे सहाव्या आठवड्यातील तपासणीच्या वेळी हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉईड पाहून घ्यावे, कारण प्रसूतीनंतर थायरॉईड ग्रंथीचे कार्य बिघडल्यानेही असाच थकवा येतो आणि तो केवळ झोपेने जात नाही.

रात्रीची वाटणी

स्तनपान आईलाच करायचे असल्याने रात्रीचे काम वाटून घेता येत नाही, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. वस्तुतः चाळीस मिनिटांच्या त्या कामात प्रत्यक्ष पाजण्याचा भाग वीस-पंचवीस मिनिटांचा असतो; बाळाला उचलून आईच्या कुशीत देणे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि थोपटून झोपवणे ही उरलेली सगळी कामे बाप, आजी किंवा घरातील कोणीही करू शकते. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते, म्हणून पहिले काही आठवडे रात्रीचे पाजणे टाळू नये. मात्र पाजून होताच आईने कूस बदलून झोपावे आणि पुढचे दुसऱ्याने पाहावे. वाटणी घड्याळाने करावी : रात्री नऊ ते दीड एकाची पाळी आणि दीड ते सहा दुसऱ्याची, अशी उघड विभागणी असली म्हणजे ‘या वेळी कोण उठणार’ यावर मध्यरात्री वाद होत नाहीत.

दूध नीट येऊ लागल्यावर, साधारणपणे महिनाभरानंतर, काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजून आईला रात्रीचे चार-पाच तास सलग झोपू देता येते. असे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र ते काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, दारातील कप्प्यात न ठेवता आतल्या भागात ठेवावे. वाटी, चमचा आणि पंपाचे भाग दर वेळी धुऊन उकळून घ्यावेत.

झोपेच्या अभावातून उद्भवणाऱ्या धोक्यांकडेही लक्ष द्यावे लागते. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन बसल्या बसल्या डोळा लागणे हे बाळाच्या जिवावर बेतू शकते. पेंग येत असेल तर बाळ दुसऱ्याकडे द्यावे किंवा त्याच्या जागेवर उताणे ठेवावे. बाळाच्या अंथरुणात उशी नसावी, डोक्याला आकार यावा म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीदेखील नसावी. रात्रभर जागलेल्या बापाने सकाळी दुचाकीने लांबचा प्रवास टाळावा.

सकाळचे वेळापत्रक

मालीश करणारी बाई सकाळी आठच्या सुमारास येते, बाळाचे तेल-अंघोळ, नंतर आईची मालीश, न्हाणे आणि शेक-शेगडी होईपर्यंत अकरा वाजतात आणि रात्री अनेकदा उठलेली बाळंतीण पहाटे लागलेल्या झोपेतून या सगळ्यासाठी उठवली जाते. मालीश सुखकर असते, परंतु ती झोप मोडून घेण्याइतकी आवश्यक नसते. बाईंची वेळ दहा-अकराची ठरवावी, त्या एकाच वेळी येऊ शकत असतील तर बाळाची अंघोळ आजीच्या देखरेखीखाली आधी व्हावी आणि आईची मालीश दिवसाआड ठेवावी. सिझेरियन झाले असेल तर पोटाला मालीश करू नये. कोळशाच्या शेगडीचा शेक बंद खोलीत घेतल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचतो आणि धुराने बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो. ऊब हवी असल्यास गरम पाण्याची पिशवी पुरते.

स्वयंपाक, भांडी आणि कपडे यांबाबत बाळंतपणापूर्वीच निर्णय घ्यावा. दोन महिने पोळी-भाजीचा डबा लावणे किंवा कामवाल्या ताईंना जास्तीचे काम आणि त्याचे जास्तीचे पैसे देणे हा खर्च पाळणा सजवण्याच्या खर्चाआधी धरावा. मदतीला आलेल्या आजीचे वयही विचारात घ्यावे, कारण साठीची बाई दिवसभर स्वयंपाक करून रात्री नातवाला झुलवू लागली, तर महिन्याभरात घरात दोन थकलेल्या स्त्रिया असतात.

भेटीला येणारी मंडळी

पाहुण्यांचे तीन प्रकार करून पाहिले तर नियम घालणे सोपे जाते. पहिल्या प्रकारात पाहायला येणारे, दुसऱ्यात मदतीला येणारे आणि तिसऱ्यात तपासायला येणारे लोक मोडतात. तिसऱ्या प्रकारासाठी दार नेहमी उघडे असावे : शासनाच्या गृहभेटींच्या कार्यक्रमानुसार दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येऊन बाळाचे वजन, तापमान, नाळ आणि आईची प्रकृती पाहायची असते. मदतीला येणाऱ्यांची कसोटी एकच ठेवावी. ती व्यक्ती घरात असताना बाळंतिणीचे काम कमी होते की वाढते, हे पाहावे. ज्या मुक्कामी पाहुण्यांचा चहा बाळंतिणीला करावा लागतो, ते आलेले असतात पाहायलाच.

पाहायला येणाऱ्यांची माया खरी असते आणि त्यांना तोडून बोलणे कोणालाच आवडत नाही, म्हणून नियम आधी आणि सर्वांना सारखाच कळवावा. बाळ जन्मल्याच्या दिवशी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बापाच्या नावाने पुढील आशयाचा निरोप गेला तर पुष्कळ प्रश्न उद्भवतच नाहीत : ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिले तीन आठवडे भेटी बंद ठेवत आहोत. त्यानंतर संध्याकाळी ५ ते ६ या वेळात, मला आधी फोन करून जरूर यावे. सर्दी-खोकला असेल तर बरे वाटल्यावर यावे. फोटो इथेच टाकत राहू.’ या निरोपात बाळंतिणीचा क्रमांक नसतो, हे महत्त्वाचे. त्यातूनही कोणी अवेळी आलेच, तर ज्याचा नातेवाईक त्यानेच बोलावे : नवऱ्याच्या आत्याला नवऱ्याने आणि बाळंतिणीच्या मामींना तिच्या आईने सांगितलेले लागत नाही, तेच सुनेने सांगितले तर वर्षानुवर्षे लक्षात राहते.

घरात आलेल्यांनी आधी साबणाने हात धुवावेत, बाळाचा मुका घेऊ नये आणि झोपलेल्या बाळाला उचलू नये. ओठांवरील जराच्या पुळ्या, कांजिण्या आणि मोठ्यांना केवळ रेंगाळलेला खोकला वाटणारा डांग्या खोकला हे नवजात बाळाला गंभीर ठरू शकतात. बाळाला मध चाटवण्याची प्रथा आग्रहाने थांबवावी, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणी, घुटी किंवा अन्य काहीही लागत नाही. ‘काय आणू’ असे विचारणाऱ्यांना संकोच न करता डबा, फळे किंवा औषधे आणायला सांगावे, कारण एकाच मापाची सहा झबली घरात आधीच आलेली असतात.

बारसे हा या काळातील सर्वांत मोठा प्रसंग. ते बाराव्या किंवा तेराव्या दिवशी करण्याची प्रथा असली, तरी तोवर आईचे टाके ओले असतात, रक्तस्राव सुरू असतो आणि जरीची साडी नेसून तीन तास पाटावर बसणे तिला सोसणारे नसते. अनेक कुटुंबे आता त्या दिवशी घरच्या घरी बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवतात आणि आप्तेष्टांचा समारंभ तीन महिन्यांनंतर करतात. ज्यांना तो बाराव्या दिवशीच करायचा आहे, त्यांनी वेळ दीड तासाची ठेवावी, बाळंतिणीसाठी शेजारची खोली मोकळी राखावी आणि पाजण्याची वेळ झाली की तिने मधूनच उठून जाणे सर्वांनी स्वाभाविक मानावे.

नोकरी आणि रजा

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम केलेले असणे ही तिची अट आहे. या रजेपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते सगळे आधी घेतले तर बाळासाठी १८ आठवडे, म्हणजे सुमारे चार महिने उरतात, आणि प्रकृती चांगली असल्यास शेवटपर्यंत काम केले तर जवळजवळ सहा महिने मिळतात. निव्वळ स्तनपानाचा शिफारस केलेला काळ सहा महिन्यांचाच असल्याने हा हिशेब सातव्या महिन्यापूर्वी मांडून पाहावा.

प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत स्त्रीला कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे या काळात येणारे ‘एकच शंका’ या स्वरूपाचे फोन हा सौजन्याचा भाग समजून घेत राहण्याचे कारण नाही. रजेवर जाण्यापूर्वी चालू कामे, संबंधितांची नावे, फाइलींच्या जागा आणि प्रत्येक कामाचा पर्यायी जबाबदार कर्मचारी यांचे टिपण लेखी द्यावे आणि कार्यालयीन ईमेलला त्याच व्यक्तीचे नाव सांगणारे स्वयंचलित उत्तर लावावे. परतण्याचा दिवस सोमवारऐवजी गुरुवार निवडल्यास पहिला आठवडा दोन दिवसांचा होतो आणि पाळणाघराची घडीही बसते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायची असते व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दोन स्तनपान-विराम मिळतात. आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करता येते. घरून काम म्हणजे बाळ सांभाळत काम, असा अर्थ मात्र कोणीच लावू नये, कारण त्या तासांसाठीही बाळाकडे पाहणारे दुसरे माणूस लागतेच.

खासगी नोकरीतील बापाला पितृत्व रजेचा हक्क देणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात आणि ते बाळाच्या जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येतात. या मुदतीचा विचारपूर्वक उपयोग करावा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीत बाळंतीण दोन-तीन महिने आईच्या हाताखाली असते आणि खरी ओढाताण ती स्वतःच्या घरी परतल्यावर सुरू होते : आजी नसते, मालीशवाल्या बाई नसतात आणि ज्याने आतापर्यंत केवळ रविवारी बाळ पाहिले आहे असा नवरा शेजारी असतो. बापाची रजा या परतीच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते. तत्पूर्वी शनिवार-रविवारी सासुरवाडीला राहून त्याने रात्रीच्या पाळीचे शिक्षण घेतलेले असावे.

शेतात, घरकामात किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांना ही पगारी रजा नसते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पात्र स्त्रियांना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. रक्कम थोडी असली तरी अंगणवाडी किंवा आशा कार्यकर्तीमार्फत नोंदणी वेळेवर करावी.

थकवा केव्हा आजार समजावा

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणे, चिडचिड आणि धास्ती वाटणे हे बहुसंख्य स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा बाळ दुसऱ्याकडे शांत झोपलेले असूनही आईला झोप येईनाशी झाली, तर ते प्रसूत्युत्तर नैराश्य असू शकते. थकलेल्या माणसाला संधी मिळताच झोप लागते, आजारी मनाला ती लागत नाही, हा फरक घरच्यांनी ध्यानात ठेवावा. त्याच्या चाचपणीसाठी डॉक्टर एडिंबरा मापनश्रेणी ही १९८७ साली प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची पद्धत वापरतात. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत समुपदेशन मिळते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भ्रम वा असंबद्ध बोलणे दिसल्यास तिला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी व दृष्टी अंधुक होणे, धाप लागणे किंवा एका पोटरीला सूज व वेदना ही आईची, तर दूध न ओढणे, सुस्ती, धाप, तळवे-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ आणि ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप ही बाळाची धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आठव्या महिन्यातील कागद

या सगळ्याचे निर्णय बाळ घरी आल्यावर घेऊ म्हटले तर ते होत नाहीत, कारण तेव्हा कोणाचीच झोप पूर्ण झालेली नसते. आठव्या महिन्यात पती-पत्नी आणि मदतीला येणारी वडीलधारी मंडळी यांनी एकत्र बसून एका कागदावर रात्रीच्या पाळ्या, स्वयंपाकाची सोय, भेटींची वेळ, बारशाचे स्वरूप, रजांच्या तारखा आणि आजी परत गेल्यानंतरच्या पंधरवड्याची तजवीज लिहावी, तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा आणि बाळाचे रडणे साधारणतः सर्वाधिक असते त्या सहाव्या आठवड्यात त्याची फेरतपासणी करावी. प्रत्येक कामासमोर नेमके एक नाव असावे. आणि पहिल्या सहा आठवड्यांत बाळंतिणीच्या नावापुढे पाजणे, जेवणे आणि झोपणे यांहून चौथे काम लिहिले गेले असेल, तर ते खोडून दुसऱ्याच्या नावावर घालावे.